काटा नसलेली माणसं

जगातला प्रत्येक गोड बोलणारा माणूस आज ना उद्या कुणाचा तरी खून करणार आहे, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझ्याच सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला. आमच्या वऱ्हाडात बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात. तोंडावर अर्थात भाऊजी. आमचे भाटवे अकोल्याच्या कापूस बाजारात दलाल होते. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात खुपसायचा, आतून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचा आणि धागा किती लांब निघतो ते डोळे बारीक करून पाहायचं, हे त्यांचं काम. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला कापूस तर त्यांना गाडीशी जायच्या आधीच समजे. असा माणूस कापसावर थांबला असता तर माझ्या बहिणीला चार घास निवांत खाता आले असते. पण त्यांना पुढे माणसंही ओढून पाहायची सवय लागली.

त्याला कारण घडलं होतं. बाजारात त्यांच्या शेजारी एक दलाल बसायचा. हसतमुख, मिठ्ठास, सगळ्या बाजाराचा लाडका. दुपारी दोघांचा डबा एकत्र सुटायचा. एके दिवशी त्यानं नेहमीसारखा एक चावट चुटका सांगितला, आपल्या डब्यातली आंब्याच्या लोणच्याची फोड आग्रहानं भाटव्यांच्या भाकरीवर ठेवली, हात धुतले, आणि संध्याकाळी पोलीस त्याला घेऊन गेले. आदल्या दिवशी त्यानं आपल्या सख्ख्या भावाला विहिरीत ढकललं होतं. बाजार आठवडाभर हळहळला आणि विसरला. भाटवे विसरले नाहीत. त्यांना खुनाचं नव्हे, लोणच्याचं दुःख होतं. "मास्तर," ते मला म्हणाले, "भावाले इहिरीत टाकून आलेल्या हातानं त्यानं मले लोनचं वाढलं, अन् म्या खाल्लं. चांगलं लागलं, एक फोड अजून मांगतली. वला कापूस मी दुरून ओळखतो, अन् मानूस मांडीले मांडी लावून बसला होता, थो नाई ओळखला. काहून?"

त्या 'काहून'च्या, म्हणजे 'का'च्या, मागे ते उरलेलं आयुष्य फिरले. खून कुणी केला, कधी केला, कशानं केला, हे शोधायला सरकारनं पगारी माणसं ठेवलेली आहेत; पण खून करून आलेल्या माणसाला जेवण गोड कसं लागतं, हे शोधायला कुणीच ठेवलेलं नाही, तेव्हा ते काम आपलं, असं त्यांनी ठरवून टाकलं. बराच विचार करून त्यांनी एक सिद्धांत काढला. सिद्धांत बाजारातलाच होता. भल्या माणसाच्या आत एक काटा असतो. दुसऱ्याला लागलं, कापलं, भाजलं की हा काटा हलतो आणि आपल्या अंगावर काटा येतो. वजनकाट्यासारखंच आहे ते. तिकडच्या पारड्यात दुःख पडलं की इकडचं पारडं हललंच पाहिजे. काही थोडी माणसं मात्र जन्मतः बिनकाट्याची असतात. त्यांच्यासमोर मुडदा टाका, त्यांचं पारडं जागचं हलत नाही. अशी माणसं वेडी नसतात, तापट नसतात, उलट फार गोड असतात. आणि आपल्या वाटेतला माणूस त्यांना नकोसा झाला की सहज त्याचा काटा काढतात. "ज्याले काटा नाई, थोच दुसऱ्याचा काटा काहाडते," असं ते म्हणत आणि आपल्या वाक्यावर खूश होऊन चहाचा घोट घेत.

सिद्धांत आला की प्रयोग आले. ताईच्या घरी जेवायला बसलं की भाटवे भाताच्या वेळी हटकून एखादा खून वाढायला काढत. कुऱ्हाड कुठून आत गेली आणि कुठून बाहेर आली, हे ते तपशिलानं सांगत, आणि सांगताना श्रोत्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या हाताकडे पाहत. मनगटापासून कोपरापर्यंत केस उभे राहिले की "हाय, हाय, काटा हाय" म्हणून समाधानानं पानात वरण ओढून घेत. ताई कातावायची. "जेवतानी तरी तुमचे मुडदे बाहेर ठेवत जा ना! लोकाइच्या घरी चपला बाहेर ठेवतेत, तुमी मुडदे ठेवा." भाटवे म्हणत, "अवं, मी मुडद्याची गोठ नाई करून राहिलो, जित्या मानसाची करून राहिलो." एकदा विम्याचा एजंट जेवायला होता. त्यानं कुऱ्हाडीची सगळी गोष्ट ऐकली आणि शांतपणे आणखी भात मागितला. भाटव्यांनी त्याच्याकडून विमा तर घेतला नाहीच, वर ताईला सांगून ठेवलं, की हा पुन्हा आला तर दार लावून बोलायचं.

खुनाचा मोठा खटला अमरावतीला उभा राहिला की ते बाजार सोडून माझ्याकडे मुक्कामाला येत. मी तिथे शाळेत मास्तर होतो आणि अंबापेठेत दोन खोल्यांत राहत होतो. सकाळी माझ्याकडची भाकरी-चटणी फडक्यात बांधून भाटवे कोर्टात जात आणि शेवटच्या बाकावर बसत. बाकीचे लोक वकील काय बोलतो ते ऐकायला येत. भाटवे काहीच ऐकत नसत, ते आरोपीच्या पिंजऱ्याकडे नजर लावून बसत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, तेव्हा साक्ष इंग्रजीत चालली की शेजारी बसलेला एखादा शिकाऊ वकील त्यांच्या कानात मराठी सांगे. एक आरोपी बायकोच्या नावानं धाय मोकलून रडला. बाया-बापड्या डोळे पुसायला लागल्या. भाटवे संध्याकाळी मला म्हणाले, "खोटं हाय. रडतानी खिडकीच्या काचीत पाहून टोपी नीट करून राहिला होता." आणि एकदा मेळघाटातला एक कोरकू माणूस शेजाऱ्याला मारल्याच्या आरोपावरून उभा होता. डॉक्टर प्रेताच्या जखमा सांगत होता, भाटव्यांच्या अंगावर काटा आला होता, आणि तो माणूस वर, आढ्यातल्या चिमण्यांच्या घरट्याकडे पाहत होता. एक पिल्लू घरट्याबाहेर आलं तेव्हा तो चक्क हसला. भाटवे त्या रात्री जेवले नाहीत. "असा सफ्फा बिनकाट्याचा मानूस म्या पाह्यला नाई," म्हणाले. पुढे तो माणूस निर्दोष सुटला. भाटव्यांनी ही बातमी फार मनाला लावून घेतली. कोर्टाचा काटा बिघडला, असं ते पुढे दोन-तीन वर्षं भेटेल त्याला सांगत राहिले.

माझी या सगळ्यात एक जागा होती. मी जन्माचा अपराधी माणूस आहे. गावात कुठेही चोरी झाली तरी माझा चेहरा आधी उतरतो. देवळातून निघताना कुणाच्या चपलेवर पाय पडला तर मी घरी येऊन त्या चपलेचा विचार करत बसतो. वर्गात एखाद्या मुलाला छडी मारली तर जेवताना माझाच हात दुखतो. भाटव्यांना माझा हा स्वभाव फार मोलाचा वाटे. काटा बरोबर आहे की नाही हे पाहायला व्यापाऱ्याला खात्रीचं वजन लागतं. तसं त्यांचं खात्रीचं वजन मी होतो. "तुह्या अंगावर मुंगी मेल्याचा बी काटा येते," ते अभिमानानं म्हणत, आणि कुणाची परीक्षा घ्यायची असली की मला अकोल्याला बोलावून त्या माणसाच्या शेजारी बसवत. मग एकाच वेळी दोघांच्या हाताकडे पाहत. अनोळखी माणसाला आपण त्याच्या नकळत तोलतो आहोत, या विचारानं मी आधीच अर्धमेला झालेला असे. त्यामुळे माझा काटा गोष्ट सुरू व्हायच्या आतच आलेला असायचा.

मध्यंतरी त्यांनी रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. कुण्या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलेलं, अशाच माणसांबद्दलचं. मी सुट्टीत ते त्यांना मराठीत सांगत बसलो. अशी माणसं भ्रमिष्ट नसतात, बोलायला मधुर असतात, चूक झाल्याची बोच त्यांना नसते, दुसऱ्याचं भय आणि वेदना त्यांच्यापर्यंत पोचत नाही, असा एकूण सूर होता. भाटव्यांना अस्मान ठेंगणं झालं. "अरे, हे तं माह्यंच हाय! यानं कवा ऐकलं?" अशा माणसाला इंग्रजीत सायकोपाथ म्हणतात, एवढं मी त्यांना सांगितलं आणि मोठी चूक केली. तो शब्द त्यांच्या जिभेवर 'सायकलपाट' होऊन बसला. "थो सायकलपाट हाय, त्याच्याशी सौदा करू नोका," असं ते बाजारात सांगायला लागले. लोकांचा समज असा झाला, की दलालानं सायकलींचा जोडधंदा काढला आहे. दर्यापूरकडचा एक शेतकरी पंक्चर काढून घ्यायला सायकल हातात धरून घरापर्यंत आला. त्याला भाटव्यांनी चहा पाजला, कुऱ्हाडीची गोष्ट सांगितली, आणि काटा आलेला पाहून स्वतः जाऊन त्याचं पंक्चर काढवून आणलं.

आता यात एक अडचण होती. गोड बोलणं हे लक्षण ठरलं, तेव्हा वऱ्हाडात प्रश्न नव्हता; आमच्याकडे गोड बोलण्याचा आरोप कुणावर सहसा येत नाही. पण त्याच सुमारास आमचा वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्याला जोडला गेला, आणि पुण्याकडचे साहेब लोक बदलीवर अमरावती-अकोल्याला येऊ लागले. ही माणसं "जरा पाणी देता का?" असं विचारत. पाणी दिलं की आभार मानत. जाताना "येतो हं" म्हणत. भाटवे हादरले. "पान्याचे बी आभार?" ते मला हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, ह्या साऱ्या मुलुखालेच काटा नाई की काय रे?"

हे सारं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात सुमन होती. माझी भाची, भाटव्यांची एकुलती एक लेक. बी. ए. झालेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी, हसताना ओठांवर पदर धरणारी. तिला स्थळं चांगली येत आणि भाटव्यांच्या काट्यावर एकेक करून नापास होऊन जात. एक मुलगा कुऱ्हाडीच्या गोष्टीत जांभई दिली म्हणून गेला. एकाच्या अंगावर काटा आला, पण भाटव्यांच्या मते तो उशिरा आला. एकाला तर मीच आवडलो नाही. आम्ही मुलगा पाहायला गेलो की परत येताना ताई रिक्षात, म्हणजे सायकलरिक्षात, तोंड फिरवून बसायची. पुढे स्थळं येणं कमी झालं. अकोल्यात बोलवा झाली, की त्या घरी मुलगी नाही दाखवत, मुलाची उलटतपासणी घेतात. सुमनच्या बरोबरीच्या मैत्रिणी लेकरं कडेवर घेऊन माहेरी यायला लागल्या. एकदा ती बापाला म्हणाली, "बाबा, तुमच्या काट्यावर एकबी पोरगा उतरत नाई. मी काय कोर्टाच्या बाकावर म्हातारी होऊ?" भाटवे तिच्याकडे पाहत राहिले, आणि मला दिसलं, की हा माणूस खरोखर भ्यालेला आहे. ज्याच्या हातचं लोणचं आपल्याला गोड लागलं, तसल्या हातात आपण आपली पोर देऊन बसू, हे ते भय होतं. त्यांच्यावर रागावणं मला कधी जमलं नाही ते त्यामुळे.

अशात एक स्थळ आलं. मुलगा पुण्याकडचा, शेती खात्यात, अमरावतीला बदलून येऊन पुरता महिना झाला नव्हता. गोरा, सडपातळ, चष्मा लावणारा. मला आज्ञेप्रमाणे अकोल्याला जाऊन त्याच्या शेजारी बसावं लागलं. सुमन पोहे घेऊन आली तेव्हा मुलगा चटकन उठला, तिच्या हातातला ट्रे घेतला आणि म्हणाला, "राहू द्या, मी ठेवतो." सुमन लाजली. ताईनं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. भाटव्यांचा मात्र काळवंडला. इतका गोडवा! सुमन आत गेल्यावर त्यांनी कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि आपली सगळ्यात जालीम गोष्ट काढली. जिनात कापसातली सरकी ज्या यंत्रानं काढतात त्या रेच्यात एका गड्याचं बोट तुटून गेलं होतं, आणि ते मुंबईला कापसाची गठान, म्हणजे गासडी, सोडताना सापडलं होतं. ही गोष्ट ऐकून बाजारातले हमाल खाली बसलेले आहेत. ती भाटव्यांनी आपल्या अस्सल बोलीत, भरभर सांगितली.

"तं पाय बरं," ते म्हणाले. मुलानं पटकन आपले पाय जवळ घेतले. "आमच्या जिनात एक गडी होता. लय भला मानूस. एक दिवस त्याचं बोट फसलं ना रेचात. बोंबाबोंब! सारे पायतेत, पायतेत, बोट काई भेटे नाई. हप्ता झाला, बोट नाई भेटलं. आखरीले कुठी भेटलं? मुंबईले! गठान सोडली, तं गठानीत भेटलं बोट!"

माझे डोळे मिटलेले होते. ही गोष्ट मी कधी डोळे उघडे ठेवून ऐकू शकलो नाही. पण कानांवर जे आलं त्यानं ते उघडले. मुलाचा चेहरा आनंदानं फुलला होता. "वा!" तो म्हणाला. "फार छान झालं! मुंबईला का होईना, भेटलं ना शेवटी!"

"तुमाले बरं वाटलं?" भाटव्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

"हो तर! मला वाटलं, आता काही भेटत नाही. जीव भांड्यात पडला अगदी." आणि त्यानं पोह्यांचा घास घेतला.

मुलगा आभार मानून, "येतो हं" म्हणून गेला. त्यानंतर घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. भाटव्यांनी एवढंच म्हटलं, की आयुष्यात पाहिलेला हा सगळ्यात पक्का सायकलपाट. ताई म्हणाली, "तुमालेच काई काटा नाई, पोरीचं काई वाटत नाई तुमाले." सुमननं पोह्यांच्या बशा उचलल्या, घासल्या आणि शाळेच्या वह्या तपासायला बसली. मध्यस्थाकडून नकार गेला. मी अमरावतीला परत आलो आणि माझ्या नेहमीच्या सवयीनं अपराधी वाटून घेत राहिलो. पण या वेळी माझी मलाच शंका यायला लागली. इतक्या अलगद हातातून ट्रे घेणाऱ्या माणसाला तुटलेल्या बोटाचा आनंद कसा झाला?

काही दिवसांनी बडनेऱ्याच्या फलाटावर अमरावतीच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो, तर तोच मुलगा समोर आला. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो, पण त्यानंच वाकून नमस्कार केला आणि शेजारी बसला. बराच वेळ चष्मा पुसून झाल्यावर म्हणाला, "माझ्याकडून काही आगळीक झाली का हो? नकाराबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चूक कळली असती तर बरं झालं असतं."

मला खोटं बोलवेना. म्हणालो, "ती बोटाची गोष्ट झाली ना, तिच्यावर तुम्ही हसलात."

"पण गोष्ट आनंदाचीच होती ना?" तो गोंधळून म्हणाला. "मिळाली ना त्याला शेवटी?"

"कोण मिळाली?"

"बोट. तो गडी परदेशी निघाला होता ना? त्याची बोट चुकली. सगळे पायी पायी हिंडले. शेवटी मुंबईला त्यानं बोट गाठली." मग माझा चेहरा पाहून त्यानं घाईघाईनं कबुली दिली, "खरं सांगू का, मला तुमच्याकडची भाषा अजून नीट कळत नाही. पण थोरल्या माणसाला मध्येच थांबवून 'कळलं नाही' म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मी अंदाजानं..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी हसत सुटलो. फलाटावरची माणसं पाहायला लागली तरी हसू थांबेना. मग त्या पोराचा पडलेला चेहरा दिसला आणि हसल्याचंही वाईट वाटलं. मी अमरावतीची गाडी सोडली आणि उलट अकोल्याची धरली.

भाटवे ओसरीवर होते. मी सगळं सांगितलं. ताईला आधी समजलं, आणि ती पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली. "बोट गाठली म्हने! अगं माय, बोट!" सुमन हसता हसता रडायला लागली, आणि रडणं लपवायला आत गेली. हसले नाहीत ते फक्त भाटवे. ते मला पुन्हापुन्हा विचारत राहिले, "म्हंजे त्याले समजलंच नाई?" मी म्हणालो, "नाही." "एकबी गोठ नाई समजली?" "नाही भाऊजी." ते उठले, अंगणात गेले आणि निंबाखालच्या खाटेवर बसले. मी मागोमाग गेलो. मला वाटलं, आयुष्यभराचा सिद्धांत मोडल्यामुळे त्यांचा जीव खट्टू झाला असेल.

"मास्तर," ते म्हणाले, "थो मेयघाटातला मानूस आठवते? चिमन्या पाहून राहिला होता थो?"

"आठवतो."

"डाक्टर इंग्रजीत बोलून राहिला होता. माह्या अंगावर काटा आला, कारन माह्या कानात थो शिकाऊ वकील मराठीत सांगून राहिला होता. त्याच्या कानात कोन सांगून राहिलं होतं?" दुभाषा तिथे होता, पण तो पिंजऱ्यापासून दूर, आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेला असे. भाटव्यांनी दोन्ही तळहात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. "त्याले काई समजत नवतं, म्हून बिचारा चिमन्या पाहून राहिला होता. अन् म्या साऱ्या बाजाराले सांगतलं, का हा सुटायले नवता पायजे." मग एकदम मान वर करून म्हणाले, "बरं झालं बा, मले कोनं जज नाई केलं."

दुसऱ्याच आठवड्यात ते अमरावतीला माझ्या घरी येऊन बसले आणि मुलाला चहाला बोलवायला लावलं. या वेळी मात्र त्यांनी तयारी केली होती. आयुष्यात कुणासाठी भाषा न वाकवलेला हा माणूस समोर ताठ बसून पुस्तकी मराठीत बोलायला लागला. "एका मनुष्याचे बोट," ते म्हणाले, आणि आपलं बोट त्याच्या चष्म्यासमोर धरून खात्री केली, "हे. हे बोट. समजले?" मुलगा म्हणाला, "समजलं." "ते यंत्रामध्ये सापडले." मुलगा म्हणाला, "मिळालं का?" मी मध्ये पडून सांगितलं, की सापडलं म्हणजे अडकलं. मग भाटव्यांनी सगळी गोष्ट, एकेक वाक्य थांबून, "समजले?" असं विचारत विचारत सांगितली. गठानीपर्यंत पोचायच्या आत मुलाच्या तोंडावरचा रंग उतरला होता. त्यानं आपलंच बोट मुठीत घट्ट धरलं, "त्या माणसाचं पुढे काय झालं हो?" एवढं विचारलं, आणि खुर्चीवरून हळूच घसरून जमिनीवर आला. माझी बायको कांदा फोडून घेऊन धावली. तो बेशुद्ध असतानाच भाटव्यांनी त्याची अस्तनी वर सारून हाताकडे पाहिलं आणि ओरडले, "मंजूर! अरे, पोरगा मंजूर! याले पानी पाजा, अन् गुरुजीले बलवा!"

लग्न थाटात झालं. जावई पुढे इतकी चांगली वऱ्हाडी बोलायला शिकला, की सुट्टीत पुण्याकडे गेला तर त्याच्या आईला सुमनकडून अर्थ समजून घ्यावा लागे. भाटव्यांच्या मात्र एक गोष्ट अंगवळणी पडली. पाव्हणा असो, गिऱ्हाईक असो की नातू असो, त्याच्याबद्दल मत द्यायच्या आधी ते विचारत, "तुले समजलं का मी काय म्हनलो थे?" आणि समजलं नाही म्हटलं, की न रागावता पुन्हा सांगत. कोर्टात जाणं कमी झालं. म्हातारपणी एकदा मात्र एका खटल्याला मला बरोबर घेऊन गेले. आरोपी होता एक खेड्यातला माणूस, खाली मान घालून उभा. दोन्हीकडचे वकील इंग्रजीत कायद्याचा कीस काढत होते. भाटवे चुळबुळत होते. मी त्यांचा हात धरला तेवढ्यात ते उभे राहिले.

"साहेब," ते मोठ्यानं म्हणाले, "त्याले समजून राहिलं का, थे इचारा ना एकदा."

सगळं कोर्ट मागे वळलं. माझ्या अंगावर काटा आला हे सांगायला नकोच. न्यायाधीशांनी चष्मा काढला, भाटव्यांकडे पाहिलं, मग आरोपीला मराठीत विचारलं. त्यानं मान हलवली, नाही. न्यायाधीशांनी वकिलांना थांबवलं आणि झालं तेवढं सगळं त्याला त्याच्या बोलीत सांगायला लावलं. आणि पट्टेवाल्याला म्हणाले, त्या म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून बाहेर बसवा.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना पाणी दिलं. मला एक गोष्ट राहून राहून विचारावीशी वाटत होती. पट्टेवाला त्यांना पिंजऱ्यापलीकडच्या दारानं नेत होता तेव्हा पिंजऱ्यातल्या त्या माणसानं पहिल्यांदा मान वर करून वळून सरळ भाटव्यांकडे पाहिलं होतं. माझ्या जागेवरून मला त्याची फक्त पाठ दिसली. म्हणालो, "भाऊजी, तो तुमच्याकडे पाहत होता. काय दिसलं त्याच्या चेहऱ्यावर?"

भाटव्यांनी पाण्याचा पेला पायरीवर ठेवला.

"म्या नाई पाह्यलं," ते म्हणाले. "म्या मान खाली घातली."